पाश्चात्य समाजातील पूर्वग्रह आणि आपला तराजू

युरोप-अमेरिकेत मुसलमानांविषयी एवढा संशय, एवढा द्वेष का आहे, हा प्रश्न आज आपल्या घराघरांत विचारला जातो. जुम्याच्या नमाजनंतर तरुण तो विचारतात, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलीची आईही तो काळजीने विचारते. कोकणातील कितीतरी कुटुंबांची एक शाखा आज ब्रिटनमध्ये आहे. त्यांच्यासाठी हा प्रश्न वर्तमानपत्रापुरता राहिलेला नाही. आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. इस्लामचे शत्रू प्रारंभापासून कारस्थाने करीत आले आहेत आणि यापुढेही करतील, हे पहिले. दुसरे उत्तर बहुधा शिकल्यासवरल्या मंडळींकडून ऐकू येते : आपलीच माणसे बाँब फोडतात, मग जगाने आपल्याला नावे का ठेवू नयेत? दोन्ही उत्तरांत सत्याचा काही अंश आहे, परंतु विचाराचे कष्ट वाचविणे हाच दोहोंचा खरा उपयोग. पहिल्या उत्तराने आपण सर्व जबाबदारीतून मोकळे होतो. दुसऱ्याने ज्यांनी काहीच केले नाही अशा कोट्यवधी माणसांच्या माथी मूठभरांचा गुन्हा मारून मोकळे होतो.

मुळात पूर्वग्रह कशाला म्हणावे, हे ठरविले पाहिजे. इस्लामच्या एखाद्या शिकवणुकीचा अभ्यास करून कोणी तिच्याशी असहमत झाला, तर तो पूर्वग्रह नव्हे. दिव्य कुरआन तर विरोधकांना आपला पुरावा घेऊन या, असे आवाहन करतो; पुरावा घेऊन येणाऱ्याचे तोंड बंद करण्याची शिकवण त्यात नाही. पूर्वग्रह याहून वेगळा. सूरह अल-हुजुरातमध्ये ज्या बदगुमानीपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, ती म्हणजे पाहण्यापूर्वीच ठरविणे, आणि एकाविषयी जे ठरविले ते सर्वांवर लादणे. त्याच सूरहमध्ये एखादा दुराचारी माणूस बातमी घेऊन आला तर तिची खातरजमा करावी, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवून नंतर पश्चात्ताप करावा लागेल, असा इशारा आहे. आणि कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की पूर्वग्रहाची व्याख्या आपल्याला अन्यत्र शोधावी लागत नाही. ज्या माणसाने काही केले नाही त्याच्या पाठीवर दुसऱ्याचे ओझे ठेवणे, ही इस्लामच्या भाषेत केवळ चूक नाही, तो जुलूम आहे.

सीरतच्या ग्रंथांत दौस कबिल्याचे सरदार हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांचा वृत्तांत येतो. ते प्रतिष्ठित कवी होते. मक्केत आले तेव्हा कुरैशच्या पुढाऱ्यांनी त्यांना घेरले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी इतके काही भरवले की, त्यांचा एकही शब्द कानी पडू नये म्हणून तुफैल यांनी कानांत कापूस घातला आणि मगच ते काबागृहाकडे गेले. अल्लाहची इच्छा अशी की तरीही काही शब्द कानी पडलेच. तेव्हा त्यांच्या मनात आले, मी समंजस माणूस आहे, कवी आहे, बरे-वाईट मला कळते; मग ऐकून घ्यायला मी का भ्यावे? या प्रसंगाचा शेवट त्यांच्या इस्लाम स्वीकारण्यात झाला, म्हणून आपण तो आनंदाने सांगतो. पण आजच्या प्रश्नासाठी त्याचा पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा आहे. तुफैल दुष्ट नव्हते आणि अडाणीही नव्हते. जी माणसे त्यांना विश्वासू वाटत होती, त्यांनी आपल्या स्वार्थासाठी त्यांच्या मनात भय पेरले, आणि भ्यालेल्या माणसाने स्वतःच्या हाताने कान बंद केले. पश्चिमेकडे पाहताना हा कापूस कोठून येतो आणि कोण पुरवतो, याचा शोध घेतला पाहिजे.

यासाठी एका छोट्या देशाचे उदाहरण घेऊ. २९ नोव्हेंबर २००९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले आणि ५७.५ टक्के मतदारांनी देशात यापुढे मिनार बांधण्यास बंदी घातली. ही बंदी एखाद्या नगरपालिकेच्या ठरावात नव्हे, देशाच्या राज्यघटनेच्या ७२व्या कलमात समाविष्ट झाली. तेव्हा त्या देशात मिनार होते किती? चार. झुरिख, जिनिव्हा, विंटरथूर आणि वांगेन येथे प्रत्येकी एक, आणि त्यांपैकी एकाही मिनारावरून बाहेर अजान दिली जात नव्हती. लोकसंख्या सुमारे ७७ लाख, त्यात मुसलमान सुमारे चार लाख. बहुसंख्य बोस्निया, कोसोव्हो, मॅसिडोनिया आणि तुर्कस्तान येथून आलेले, कारखान्यांत व बांधकामांवर राबणारे. त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व नसल्याने मतदानाचा हक्कही नव्हता.

वादाची ठिणगी वांगेन या लहान गावात पडली. तेथील तुर्की मंडळींच्या सांस्कृतिक संस्थेने आपल्या इमारतीच्या छपरावर सहा मीटर उंचीचा मिनार बांधण्याची परवानगी मागितली. सहा मीटर म्हणजे आपल्याकडील दुमजली घराएवढी उंचीही नव्हे. गावकऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि परवानगी मिळाली. परंतु न्यायालयात जे हरले होते ते राजकारणात जिंकता येईल, हे काही पुढाऱ्यांनी हेरले. त्या देशात एक लाख नागरिकांच्या सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेसमोर ठेवता येतो. सह्या गोळा झाल्या. मग भिंतींवर एक चित्र झळकले : स्वित्झर्लंडच्या लाल ध्वजावर क्षेपणास्त्रांसारखे उभे असलेले काळे मिनार, आणि पुढे काळ्या निकाबमधील एक स्त्री. बाझेल आणि लोझान या शहरांनी हे चित्र लावू दिले नाही. सरकार प्रस्तावाच्या विरोधात होते, संसद विरोधात होती, कॅथलिक धर्मगुरूंची परिषद आणि प्रोटेस्टंट चर्चचा महासंघ हेही विरोधात होते. मतदानापूर्वीच्या चाचण्या प्रस्ताव फेटाळला जाईल असे सांगत होत्या. तरी तो मंजूर झाला. म्हणजे अनेकांनी विचारणाऱ्याला एक सांगितले आणि मतपेटीत दुसरेच टाकले.

या निकालातील सर्वांत बोलका भाग प्रांतवार आकड्यांत आहे. जिनिव्हा, व्हो, न्यूशातेल आणि बाझेल शहर या चार ठिकाणी लोकांनी बंदी नाकारली. जिनिव्हा आणि बाझेल ही मिश्र वस्तीची शहरे. तेथे दुकानात, रुग्णालयात, शाळेच्या फाटकावर मुसलमान रोज भेटतो. याउलट आपेनत्सेल इनरहोडन या डोंगराळ, ग्रामीण आणि अगदी थोड्या वस्तीच्या प्रांतात सुमारे ७१ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिले. तेथील कित्येक मतदारांनी मिनार केवळ भिंतीवरील चित्रात पाहिला असावा. जर्मनीतही असेच दिसते. मुसलमानांविरुद्ध हजारोंचे मोर्चे काढणारी पेगिडा ही चळवळ २०१४ साली ड्रेस्डेन शहरात जन्मली. ते ज्या सॅक्सनी राज्याची राजधानी आहे, तेथे मुसलमानांचे प्रमाण तेव्हा एक टक्काही नव्हते. ज्या शेजाऱ्याचे घर नाही त्याच्या भिंतीवरून भांडण होते, ही अजब गोष्ट आहे. मग आपल्या वर्तनामुळेच द्वेष निर्माण होतो, असे म्हणणाऱ्यांना विचारले पाहिजे की, जेथे आपले वर्तन पाहायलाच कोणी नाही तेथे द्वेष इतका का?

तर मग अपरिचय हेच कारण, आणि ओळख वाढली की रोग बरा, असे म्हणून थांबता आले असते. पण बोस्निया तसे म्हणू देत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आलेल्या मुसलमानांपैकी अनेक त्या देशातून जीव वाचवून आलेले. बोस्नियाचे मुसलमान युरोपचेच; रंगाने, भाषेने, खाण्यापिण्याने आपल्या सर्ब शेजाऱ्यांहून फारसे निराळे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहिलेली, लग्नकार्यात एकत्र बसणारी ही माणसे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुले ठार मारण्यात आली. गावात शिरताना सेनापती म्लादिच याने कॅमेऱ्यासमोर जाहीर केले की तुर्कांवर सूड उगविण्याची वेळ आली आहे. तुर्क! ज्यांना तो मारणार होता त्यांत तुर्क कोणीही नव्हता. पण शतकांपूर्वीच्या उस्मानी राजवटीचे ओझे त्यांच्या पाठीवर ठेवायचे होते. शेजार होता, ओळख होती. तरीही जुनी गोष्ट नव्याने सांगणाऱ्यांनी शेजाऱ्याचा चेहरा पुसून तेथे चारशे वर्षांपूर्वीचा सैनिक बसवला.

ही जुनी गोष्ट खरोखरच फार जुनी आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समध्ये गायिल्या जाणाऱ्या वीरकाव्यांत मुसलमान मूर्तींची पूजा करताना दाखविले जात. ज्या उम्मतची ओळखच तौहीद आहे तिच्याविषयी हे लिहिले जात होते, यावरून पाहण्याची गरज कोणाला वाटत नव्हती हेच दिसते. १०९५ साली पोप अर्बन दुसरा याने जेरुसलेमच्या युद्धासाठी आवाहन केले होते, आणि युद्धाला शत्रू लागतो; शत्रू जितका विद्रूप तितके सैन्य भरती करणे सोपे. पुढे क्लूनी येथील मठाधिपती पीटर याला मात्र वाटले की, ज्याचे खंडन करायचे ते आधी वाचले तरी पाहिजे. त्याने रॉबर्ट या इंग्रज विद्वानाकडून कुरआनचे लॅटिन भाषांतर करवून घेतले, ते ११४३ साली पूर्ण झाले. त्याच्या शीर्षकातच आपल्या प्रेषितांना (स.) असत्य ठरविणारा शब्द होता. म्हणजे वाचकाने पहिले पान उघडण्यापूर्वी निकाल लागलेला. चारशे वर्षांनी हेच भाषांतर छापण्याचे ठरले तेव्हा मुद्रकाला तुरुंगात टाकण्यात आले, आणि त्याच्या सुटकेसाठी स्वतः मार्टिन लूथरने नगरसभेला पत्र लिहिले. त्याचा युक्तिवाद असा की ग्रंथ छापला गेला तरच लोकांना त्यातील दोष दिसतील. १५४३ साली तो ग्रंथ बाहेर पडला. हे सर्व घडले ते शहर बाझेल. ज्याने २००९ साली ते क्षेपणास्त्रांचे चित्र लावू दिले नाही आणि बंदीविरुद्ध मत दिले, तेच. शहरेही बदलतात. पण लूथरच्या काळी युरोपचे भय काल्पनिक नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले होते, १५२९ मध्ये उस्मानी फौजा व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत आल्या होत्या, आणि १६८३ मध्ये त्या पुन्हा आल्या. ज्या सैन्याने वेढा घातला त्याची भीती बाळगणे हा पूर्वग्रह नव्हे. वेढा उठून तीन शतके झाल्यावर वांगेनच्या कारखान्यातील मजुराकडे त्याच नजरेने पाहणे, हा पूर्वग्रह.

पुढे पारडे फिरले. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर आणि १८८२ मध्ये ब्रिटनने इजिप्तवर ताबा मिळवला, तेव्हा भीतीची जागा तुच्छतेने घेतली; कारण ज्याच्यावर राज्य करायचे तो मागासलेला आहे असे सिद्ध केल्याखेरीज सज्जन माणसाला रात्री झोप लागत नाही. इजिप्तचा खरा सत्ताधीश असलेला लॉर्ड क्रोमर हा मुस्लिम स्त्रीच्या पडद्याविषयी आणि तिच्यावरील अन्यायाविषयी मोठ्या कळवळ्याने लिहीत असे. हाच गृहस्थ इंग्लंडला परतल्यावर स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला! यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. मुस्लिम स्त्रीचा उद्धार हा शब्दप्रयोग आजही जेव्हा ऐकू येतो, तेव्हा बोलणारा आपल्या घरातील स्त्रीविषयी काय म्हणतो हे एकदा विचारून घ्यावे.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण आपल्या लिखाणात ती क्वचितच येते. मिनारबंदी ही त्या देशातील अशा प्रकारची पहिली घटना नाही. नागरिकांच्या सह्यांनी घटनादुरुस्ती सुचविण्याचा हक्क १८९१ साली मिळाला, आणि त्या हक्काचा पहिलाच वापर १८९३ मध्ये ज्यूंच्या धार्मिक पद्धतीने जनावर जबह करण्यावर बंदी घालण्यासाठी झाला. सुमारे ६० टक्के मतदारांनी ती मंजूर केली. कारण प्राण्यांवरील दयेचे सांगितले गेले. पण प्रचारात ज्यूंविषयीचा तिरस्कार उघड होता, आणि सरकार व संसद तेव्हाही विरोधातच होती. त्याच देशाच्या घटनेत कॅथलिकांच्या जेझुइट संघावर १८४८ पासून बंदी होती. ते पोपच्या आज्ञेत राहणारे, देशाशी एकनिष्ठ नसलेले, आतून पोखरणारे लोक आहेत, असा आरोप होता. ती बंदी १९७३ मध्ये उठली. आतून पोखरणारे, बाहेरच्या सत्तेशी निष्ठा ठेवणारे, स्त्रियांना दाबून ठेवणारे, मुले फार होणारे : ही सारी विशेषणे आज आपल्यावर आहेत, पण ती आपल्यासाठी शिवलेली नाहीत. हा जुना अंगरखा आहे. आधी तो ज्यूंच्या अंगावर होता, प्रोटेस्टंट देशांत कॅथलिकांच्याही अंगावर होता. युरोपच्या इतिहासात त्याची सर्वांत भीषण किंमत ज्यूंनी चुकविली, आणि आपल्यापैकी काही जण सरसकट सर्व ज्यूंविषयी जी भाषा वापरतात, ती वापरताना हे आठवावे.

यावरून मला असे वाटते की, पूर्वग्रहाचे मूळ ज्याच्याविषयी तो बाळगला जातो त्याच्यात शोधणे व्यर्थ आहे. अस्वस्थ झालेल्या समाजाला आपली अस्वस्थता ठेवायला एक जागा हवी असते. नोकऱ्या जातात, गाव ओस पडते, चर्चमध्ये माणसे येईनाशी होतात, मुले ऐकत नाहीत; आपण कोण आहोत हे सांगणे कठीण होते. अशा वेळी आपण कोण नाही एवढे सांगणे फार सोपे असते. मग कोणीतरी पुढारी येतो आणि बोट दाखवितो. त्याला मते मिळतात, वृत्तवाहिनीला प्रेक्षक मिळतात. २०२१ मध्ये त्याच मिनारबंदीवाल्या मंडळींनी चेहरा झाकण्यावरील बंदीचा प्रस्ताव आणला आणि तो ५१.२ टक्के मतांनी मंजूर झाला. त्या संपूर्ण देशात निकाब वापरणाऱ्या स्त्रियांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार काही डझनांपलीकडे नव्हती. काही डझन स्त्रियांसाठी राज्यघटना बदलावी लागते, याचा अर्थ प्रश्न त्या स्त्रियांचा नव्हताच.

तरीही आपल्या बाजूच्या अंगणात काहीच नाही, असे म्हणून चालणार नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत सुमारे तीन हजार माणसे मारली गेली, ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२, नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३०. मारणाऱ्यांनी अल्लाहचे नाव घेतले. ज्याचा मुलगा त्या रेल्वेत होता त्याच्या मनात आपल्याविषयी शंका आली, तर त्याला शत्रू म्हणणे ही निर्दयता होईल. प्रश्न एवढाच की या ठिणगीचे वणव्यात रूपांतर का होते. ब्रिटनमधील एक प्रकरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरात अल्पवयीन मुलींवर अत्याचार करणाऱ्या टोळीतील नऊ जणांना २०१२ साली शिक्षा झाली. ते बहुतेक पाकिस्तानी वंशाचे मुसलमान होते. गुन्हा खरा, अमानुष, आणि आधी एकदा खटला न भरण्याचा निर्णय झालेला. तो निर्णय फिरवून त्या नराधमांना न्यायासनासमोर उभे करणारा मुख्य सरकारी अभियोक्ता कोण होता? नजीर अफजल, तोही पाकिस्तानी वंशाचा, तोही मुसलमान. एकाच समाजातील नऊ जण गुन्हेगार, आणि त्याच समाजातील एकजण त्यांना शिक्षा मिळवून देणारा. पण लोकांच्या मनात नऊ राहिले, दहावा राहिला नाही.

पाच वर्षांनी, मे २०१७ मध्ये, त्या प्रकरणावरील मालिका दूरचित्रवाणीवर आली. कार्डिफ येथील एका बेकार माणसाने ती पाहिली. तो काही धार्मिक नव्हता, राजकारणीही नव्हता. पुढील काही आठवडे तो अतिउजव्या गटांचे लेख आणि संदेश वाचत राहिला आणि १९ जूनच्या मध्यरात्री भाड्याची गाडी घेऊन लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात आला. रमजान होता. तरावीह आटोपून लोक बाहेर पडत होते. त्याने गाडी त्यांच्या अंगावर घातली. मकरम अली हे गृहस्थ मरण पावले आणि अनेक जखमी झाले. त्यांच्यापैकी एकाचाही रॉचडेलशी काडीचा संबंध नव्हता. खटल्यात हे सारे बाहेर आले आणि त्याला जन्मठेप झाली. काही आठवड्यांत एक सामान्य माणूस खुनी होतो, याला केवळ मालिकेला दोष देता येत नाही, कारण ती लाखोंनी पाहिली. शेकडो वर्षे साठलेले कोरडे गवत त्याला आयते मिळाले होते. त्या रात्री संतप्त जमाव त्याच्यावर धावला तेव्हा इमाम मुहम्मद महमूद यांनी काही जणांना सोबत घेऊन त्याच्याभोवती कडे केले, कोणालाही हात लावू दिला नाही आणि त्याला जिवंत पोलिसांच्या स्वाधीन केले. शत्रुत्वाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह अल-माइदामधील आज्ञा आपण मिंबरवरून अनेकदा ऐकवतो. रस्त्यावर प्रेत पडले असताना आणि मारेकरी हाताशी असताना ती पाळणे काय असते, याची कल्पना करून पाहावी. मी स्वतः इमामत करतो. त्या जागी माझे पाय स्थिर राहिले असते की नाही, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

येथे आपल्या तराजूची गोष्ट येते. सूरह अल-हुजुरातमधील बदगुमानीविषयीची आज्ञा कोणाला उद्देशून आहे? श्रद्धावंतांना. आपण ती युरोपियनांवर बजावत असतो. आपल्या मोबाइलवर दररोज जे संदेश येतात त्यांत 'गोरे लोक', 'ख्रिस्ती जग', 'पश्चिम' या शब्दांनी कोट्यवधी माणसांची एक गाठोडी बांधलेली असते. कुरआनने ग्रंथधारकांच्या चुकांवर कठोर शब्दांत बोट ठेवले आहे. परंतु त्याच वेळी सूरह आल-इमरानमध्ये ते सर्व एकसारखे नाहीत, त्यांत सत्यावर स्थिर असलेला गटही आहे, हे आवर्जून सांगितले. अल्लाह ज्यांना एका मापाने मोजत नाही, त्यांना आपण मोजावे काय? मिनारबंदीनंतर काही दिवसांतच लोझानजवळील बुसिनी येथे एका बूटविक्रेत्याने निषेध म्हणून आपल्या गोदामावर मिनार उभारला. तो मुसलमान नव्हता. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरील युद्ध रोखण्यासाठी लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली, ती बहुतांश मुसलमान नव्हती. आणि मक्केत जगणे अशक्य झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना ज्याच्याकडे पाठविले तो हबशाचा राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशचे दूत तेथेही नजराणे घेऊन पोहोचले आणि दरबाऱ्यांचे कान भरले. नजाशीने एवढेच केले की दुसरी बाजू बोलावून घेतली, हजरत जाफर (रजि.) बोलले, सूरह मरयम ऐकवली आणि दूतांचे नजराणे परत गेले. त्या दूतांपैकी एक अम्र बिन आस. तेच पुढे इजिप्तचे विजेते सहाबी झाले. कान भरणारा आज ज्या बाजूला उभा आहे तेथेच कायम उभा राहील, असेही धरून चालता येत नाही.

एक छोटा मुद्दा मिनाराविषयी. प्रेषितांच्या (स.) हयातीत मस्जिदे नबवीला मिनार नव्हता; हजरत बिलाल (रजि.) जवळच्या उंच घराच्या छतावरून अजान देत. मिनाराविना नमाज अडत नाही. बंदी अन्याय्य आहे ती यासाठी की चर्चच्या मनोऱ्याला जो हक्क आहे तो मशिदीला नाकारला. दीन धोक्यात आला म्हणून नव्हे. निषेध करतानाही जे धोक्यात आहे त्याचेच नाव घ्यावे. नाहीतर आपणही भयाचाच व्यापार करू लागतो.

ब्रिटनमध्ये आता दरवर्षी एका दिवशी अनेक मशिदी सर्व धर्मीयांसाठी उघडल्या जातात, जर्मनीत १९९७ पासून ३ ऑक्टोबरला हा उपक्रम चालतो. आपल्या महाराष्ट्रातही कित्येक शहरांत मस्जिद परिचयाचे कार्यक्रम होत आहेत. मी अशा काही कार्यक्रमांना उपस्थित राहिलो आहे. पाहुण्यांना वजूखाना दाखविला जातो, अजानचा अर्थ सांगितला जातो, शीरखुर्मा दिला जातो, छायाचित्रे निघतात. चांगलेच आहे. पण पाहुणे येताना जे प्रश्न मनात घेऊन आलेले असतात, तलाकविषयीचे, जिहादविषयीचे, 'काफिर' या शब्दाविषयीचे, ते बहुधा तसेच परत घेऊन जातात. कारण त्यांना विचारायला संकोच वाटतो आणि आपल्याला ऐकायला. पुढच्या वेळी शीरखुर्म्याआधी तासभर केवळ प्रश्नांसाठी ठेवावा, आणि उत्तर येत नसेल तेथे येत नाही असे सांगून, विचारून कळवितो म्हणून पाहुण्याचा फोन नंबर घ्यावा.